जुन्या मोटारीचा सौदा आणि रुमालाखालचा भाव

जुनी मोटार विकणे हा व्यवहार मिरजेसारख्या शहरात आजवर ओळखीपाळखीनेच होत आला. गॅरेजवाल्याच्या कानावर घालावे, त्याने एखादा एजंट पाठवावा, एजंटाने गाडीभोवती दोन फेऱ्या मारून नाक मुरडावे, आणि शेवटी चहाच्या दुकानात बसून आकडा ठरावा, अशी ही रीत होती. आता मोबाइलवर गाडीचा क्रमांक टाकला की काही क्षणांत एक अंदाजे किंमत दिसते. ठरल्या वेळी तपासनीस दारात येतो, शेदोनशे गोष्टी तपासून छायाचित्रे घेतो आणि त्यानंतर एक अंतिम आकडा कळवतो. मालकाने होकार दिला की गाडी जाते आणि रक्कम बँकेत जमा होते. या पद्धतीचे गुणगान करण्यासाठी लागणारा पैसा तिच्या चालकांपाशी भरपूर आहे. आम्हाला येथे त्या गुणगानात भर घालावयाची नाही, तशीच यंत्राच्या नावाने बोटेही मोडावयाची नाहीत. आमचा प्रश्न साधा आहे: अंदाजे किंमत आणि अंतिम किंमत यांच्या मधल्या वेळात जो लिलाव होतो, तो कोण पाहतो?

मोटारवाल्यांच्या दुःखाशी आपल्या चळवळीला काय कर्तव्य, असे काही कार्यकर्ते विचारतील. हा प्रश्न १९७५ साली रास्त होता. त्या काळी मोटार म्हणजे अँबॅसडर किंवा प्रीमियर. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादी, आणि मोटार बाळगणारा वर्ग मूठभर. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि १९९१ नंतर कर्जाची दारे उघडली, तेव्हापासून चित्र पालटत गेले. २०२४-२५ या वर्षात देशात सुमारे ४३ लाख नवी प्रवासी वाहने विकली गेली, आणि जुन्या गाड्यांचे हस्तांतर त्याहून अधिक होते. आज जुनी गाडी विकणारा कोण आहे, हे आपल्या भोवती पाहिले तरी कळते. रुग्णांची ने-आण करून पोट भरणारा टुरिस्ट गाडीचा चालक आहे. रुग्णालयांच्या या गावात त्यांची संख्या लहान नाही. हप्ता थकलेला किरकोळ व्यापारी आहे. निवृत्तीनंतर गाडीचा खर्च न झेपणारा शिक्षक आहे. घरातल्या आजारपणासाठी आठवडाभरात पैसे उभे करावयाचे असलेले कुटुंब आहे. यांतील बहुतेकांच्या दृष्टीने राहत्या घराखालोखाल मोलाची वस्तू हीच. ती विकताना पन्नास हजार रुपये कमी मिळणे म्हणजे त्या घरातील एका मुलाच्या वर्षाच्या शिक्षणाचा खर्च जाणे होय.

प्रथम या व्यवहाराची रीत पाहू. जुन्या गाड्या ऑनलाइन विकत घेणाऱ्या सेवांपैकी बऱ्याच सेवा गाडी स्वतःच्या नावावर ठेवण्यासाठी घेत नाहीत. गाडीची तपासणी झाली की तिचा तपशील देशभरच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यांसमोर ठेवला जातो, ते आपापल्या बोली लावतात, आणि सर्वांत वरची बोली हाताशी धरून सेवा चालवणारी कंपनी मालकाला आपला आकडा सांगते. मालकाला दिसतो तो हा शेवटचा आकडा. किती व्यापाऱ्यांनी बोली लावली, वरची बोली किती होती, तीमधून कंपनीने आपल्यासाठी किती ठेवले, यांतील काहीही त्याच्यासमोर येत नाही. समजा, मोबाइलवर ३,२०,००० रुपये दिसले आणि तपासणीनंतर २,६५,००० सांगितले गेले. मधले ५५,००० कोठे गेले? टायर झिजले होते, दाराला पूर्वी रंग दिलेला आहे, इंजिनात आवाज आहे, अशी कारणे सांगितली जातात. त्यांतील काही खरीही असतील. परंतु कोणत्या दोषापायी किती रुपये वजा झाले याचा हिशेब विक्रेत्याच्या हाती पडत नाही. पहिला आकडा हे आमंत्रण असते, वचन नव्हे. पण माणूस मनाने त्या आकड्याशी बांधला जातो, घरात त्याचा हिशेब मांडला जातो, आणि दारात आलेल्या तपासनीसाला रिकाम्या हाताने परत पाठवणे जिवावर येते. आज ठरवले नाही तर हा भाव उद्या राहणार नाही, असे सांगितले की उरलासुरला विरोधही संपतो.

येथे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला काही ओळखीचे आढळेल. शेतमालाच्या अनेक बाजारपेठांत एके काळी भाव रुमालाखाली ठरत असे. अडत्या आणि खरेदीदार कापडाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबीत, आणि बोटांच्या त्या भाषेत सौदा पुरा होई. ज्याच्या घामाचा तो माल, तो शेतकरी बाजूला उभा राहून दोन चेहऱ्यांकडे पाहत असे. गाडी सोडलेली, माल उतरवलेला, बैल थकलेले; भाव पसंत नाही म्हणून परत जाण्याचे त्राण त्याच्यात नसे. शिवाय कडता, तोलाई, हमाली, धर्मादाय अशा नावांनी हाती आलेल्या पैशालाही कात्री लागे. या बाजाराला शिस्त लावण्याचे काम फार जुने आहे. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारपेठांची शिफारस केली. पुढे मुंबई प्रांताचा १९३९ चा कायदा आणि महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार कायदा आला. या कायद्यांचे सार दोन ओळींत सांगता येते: बोली उघड झाली पाहिजे, आणि कपात लिहून दाखवली पाहिजे. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे चारचौघांत होतात, ही बाब आज आपल्याला नैसर्गिक वाटते. प्रत्यक्षात ती कायद्याने आणि शेतकऱ्यांच्या रेट्याने मिळवलेली आहे. बाजार समित्यांत पुढे काय काय शिरले, त्यांच्यावर कोणी कब्जा केला, हे आम्ही जाणतो. तरीही मालकाच्या डोळ्यांदेखत बोली, हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. जुन्या मोटारीच्या सौद्यात रुमालाची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे, इतकाच काय तो फरक.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या विषयाचे आणखी एक अंग परिचित असेल. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. त्या कार्यासाठी २००१ मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे असे: विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना सरासरी भाव देऊ करतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाही, बाजारात मग वाईट गाड्याच उरतात. आपल्या जिल्ह्यात याचे प्रत्यंतर सहज येईल. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडून ५७ फुटांपर्यंत मजल मारली; जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाण्यात बुडालेली गाडी धुऊनपुसून उभी केली तर साध्या डोळ्यांना ओळखू येत नाही. अशा वेळी ज्याची गाडी उंचावर कोरडी राहिली, त्यालाही एम.एच. १० या क्रमांकापायी संशयाचा फटका बसू शकतो. दुसऱ्याच्या लपवाछपवीची किंमत प्रामाणिक माणूस मोजतो.

तेव्हा नीट तपासणी होणे ही चांगलीच गोष्ट आहे. ती खरेदीदाराचे रक्षण करते आणि चांगल्या गाडीच्या मालकाचेही करू शकते. परंतु अकरलॉफ यांच्या मांडणीत जे अज्ञान खरेदीदाराच्या बाजूला होते, ते ऑनलाइन सौद्यात विक्रेत्याच्या बाजूला सरकले आहे. गाडीची अवस्था तपासनीसाने टिपून नेली, म्हणजे विक्रेत्यापाशी असलेले गुपित संपले. भावाचे ज्ञान मात्र कंपनीपाशीच राहिले. तिच्यापाशी हजारो सौद्यांची नोंद असते; कोणत्या शहरात कोणते मॉडेल कितीला जाते, कोणता मालक घाईत आहे, कोण किती वेळा आकडा पाहून गेला, हे सर्व तिला दिसते. विक्रेता आठ-दहा वर्षांतून एकदा गाडी विकतो. एका बाजूला असे भांडार आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याने सांगितलेला अंदाज, अशा दोघांमधील करार कागदावर स्वेच्छेचा असला तरी बरोबरीचा नसतो.

या व्यवसायामागील भांडवलाकडेही पाहिले पाहिजे. कार्स२४ ही कंपनी २०१५ मध्ये निघाली. २०२० मध्ये तिचे मूल्यांकन एक अब्ज डॉलरवर आणि डिसेंबर २०२१ मध्ये ३.३ अब्ज डॉलरवर गेले. स्पिनी हीदेखील २०१५ मधलीच. एवढ्या थोड्या अवधीत एवढे मूल्य गाड्यांच्या नफ्यातून उभे राहत नाही. उद्या बाजार आपल्या मुठीत येईल या आशेवर जगभरचे गुंतवणूकदार आज पैसा ओततात. तोवर विक्रेत्याला बरा भाव मिळेलही. परंतु गावोगावचे एजंट आणि लहान व्यापारी एकदा बाजूला झाले, आणि खरेदी करणारे दोन-तीनच उरले, की भाव कोण ठरवणार हे सांगण्यास ज्योतिषी नको. हे भांडवल जसे येते तसे जातेही. ओएलएक्सचा भारतातील व्यवसाय २०२३ मध्ये कारट्रेडने ५३७ कोटी रुपयांना विकत घेतला आणि काही महिन्यांतच त्यातील गाड्यांच्या प्रत्यक्ष खरेदी-विक्रीचा भाग आवरता घेण्यात आला. भांडवल आपला निर्णय ताळेबंद पाहून घेते. मिरजेतील विक्रेत्याचे नाव अजून नोंदणीपुस्तकात आहे की नाही, हे त्या ताळेबंदात नसते.

जुना एजंट कोणी संत नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दोन्ही बाजूंकडून दलाली घेणे, किलोमीटरचा काटा मागे फिरवणे, कोऱ्या अर्जावर सही घेऊन महिनोन्महिने कागद न हलवणे, हे प्रकार त्या बाजारात चालत आले. रोखीऐवजी बँकेत पैसे येणे, घरबसल्या तपासणी होणे, एकट्या स्त्रीला किंवा वृद्धाला अनोळखी ग्राहकांची रांग दारात उभी न करता गाडी विकता येणे, या सोयी खऱ्या आहेत आणि लोक त्यासाठी तिकडे वळतात. दारात येणारा तपासनीस हाही बहुधा आपल्याच वर्गातला, वरून आलेला आकडा सांगण्यापुरताच अधिकार असलेला नोकर असतो. राग त्याच्यावर काढणे अन्यायाचे होईल. आम्हाला जुनी दलाली परत नको आहे. नव्या दलालीला जुन्या बाजाराने शिकवलेले नियम लागू व्हावेत, एवढीच आमची मागणी आहे.

भावापेक्षाही गंभीर प्रश्न मालकीच्या नोंदीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावयाचे असते. गाडी गेली, पैसे आले, म्हणजे संबंध संपला, असे लोक समजतात. कायदा तसे समजत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी जो निर्णय दिला तो प्रत्येक विक्रेत्याने ध्यानात ठेवावा. त्यातील मोटार २००७ मध्ये विकली गेली, पुढे हातोहात फिरली, आणि २००९ मध्ये तिच्याखाली अपघात झाला. नोंदणी मात्र पहिल्या मालकाच्याच नावावर होती. भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असे न्यायालयाने ठरवले. अपघातग्रस्ताने खऱ्या मालकाच्या शोधात दारोदार फिरू नये, हा त्यामागील विचार योग्यच आहे. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला, तेव्हा त्यातील मोटार अनेक हातांतून गेलेली निघाली आणि तपास प्रथम नोंदणीकृत मालकाच्या दारी पोहोचला. आपल्याकडे तर कर्नाटकाची सीमा हाकेच्या अंतरावर आहे. म्हैसाळ ओलांडले की कागवाड. तिकडे गाडी गेली तर ना-हरकत प्रमाणपत्र, तिकडचा कर, नवी नोंदणी, अशी साखळी सुरू होते. तीतील एक कडी निसटली तरी मूळ मालक अडकून राहतो.

केंद्र सरकारने २२ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने यावर काही उपाय योजला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून अमलात आला. त्यानुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावयाचे. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद ऑनलाइन झाली, की तो व्यापारी त्या गाडीचा मानीव मालक ठरतो आणि जबाबदारी त्याच्याकडे जाते. नियम चांगला आहे. पण तो विक्रेत्याला माहीत नाही, आणि माहीत नसलेला हक्क हा नसल्यासारखाच. शिवाय ज्या सौद्यात कंपनी स्वतःला केवळ मध्यस्थ म्हणवते आणि गाडी कोणा दूरच्या व्यापाऱ्याकडे जाते, तेथे मानीव मालक नेमका कोण, हे विक्रेत्याने किल्ली देण्यापूर्वी विचारलेच पाहिजे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ येथे फारसा उपयोगी पडत नाही, हेही समजून घ्यावे. त्या कायद्याचा ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू घेणारा किंवा सेवा घेणारा. बाजारात दुबळा असतो तो विकत घेणारा, हे गृहीत धरूनच तो लिहिलेला आहे. प्रचंड खरेदीदारासमोर एकटा उभा असलेला विक्रेता त्या व्याख्येत सहजी बसत नाही. कंपनीने रकमेतून सेवाशुल्क कापले असेल तर सेवेचा ग्राहक म्हणून दाद मागण्यास वाट आहे. म्हणून ते शुल्क पावतीवर वेगळे दाखवून घेणे महत्त्वाचे.

आणि सरकारची भूमिका काय? गाड्यांच्या नोंदणीची माहिती नागरिकांनी कायद्याच्या सक्तीने सरकारला दिलेली आहे. २०१९ च्या धोरणाखाली केंद्राने ती माहिती खाजगी कंपन्यांना विकली आणि त्यातून १११ कोटी रुपयांहून अधिक मिळवले, असे २०२१ मध्ये संसदेतच सांगण्यात आले. ते धोरण २०२० मध्ये रद्द झाले. कंपन्यांना विकण्यासाठी जी माहिती उपलब्ध होती, तिचा उपयोग सामान्य विक्रेत्याला भाव कळावा म्हणून करण्याचे मात्र कोणाला सुचले नाही. जमिनीसाठी दरवर्षी सरकारी रेडी रेकनर निघतो, शेतमालाचे रोजचे दर फळ्यावर लिहिले जातात. जुन्या मोटारीचा सरासरी भाव सांगणारे सार्वजनिक पत्रक नाही. करांच्या बाबतीत सरकार अधिक तत्पर आहे. २१ डिसेंबर २०२४ च्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने व्यापाऱ्याच्या खरेदी-विक्रीतील फरकावर सर्व जुन्या गाड्यांसाठी सरसकट १८ टक्के कर ठरवला. लहान गाड्यांवर तो पूर्वी १२ टक्के होता. खाजगी व्यक्तीला हा कर नाही, पण व्यापारी तो विक्रेत्याच्या भावातून वसूल करू पाहणार हे उघड आहे. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान गाड्यांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली हे ठीक. त्याबरोबर लाखो लोकांच्या दारातील जुन्या गाडीचे मोल खाली ओढले गेले, आणि त्या घसरणीचे खरे माप खरेदीदार कंपन्यांनाच ठाऊक राहिले.

म्हणून पक्षाने पुढील मागण्या हाती घ्याव्यात, असे आम्ही सुचवतो. जुन्या गाडीच्या प्रत्येक ऑनलाइन लिलावातील बोलींची नोंद विक्रेत्याला दाखवणे बंधनकारक करावे. तपासणीनंतर होणारी प्रत्येक कपात दोषवार, रुपयांत लिहून द्यावी. हस्तांतरांच्या आधारे जिल्हावार, मॉडेलवार सरासरी भावांचे पत्रक परिवहन खात्याने दर महिन्याला प्रसिद्ध करावे. ताबा दिल्याची नोंद सरकारी यंत्रणेत झाल्याखेरीज गाडी हलवू नये. ग्राहक कायद्यात अशा विक्रेत्याचा स्पष्ट समावेश करावा. आणि प्रत्येक परिवहन कार्यालयाच्या ठिकाणी माफक शुल्कात निःपक्ष तपासणीची सोय असावी, जिचा दाखला दोन्ही पक्षांना मान्य होईल. हे अशक्य नाही. केरळमध्ये डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने २०२२ मध्ये केरळ सवारी ही सार्वजनिक टॅक्सीसेवा मोबाइलवर आणून दाखवली. सहकाराची एवढी परंपरा असलेल्या आपल्या जिल्ह्यात गॅरेज कारागिरांची सहकारी तपासणी संस्था उभी राहू शकत नाही, असे मानण्याचे कारण नाही.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. मिरज, सांगली, तासगाव, जत येथील साथींनी आपल्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी ठेवावी. येणाऱ्याला एवढे सांगावे: एका आकड्यावर थांबू नका, निदान तीन ठिकाणी भाव काढा. कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र घेऊन नोंदणीपुस्तकातील बोजा आधी उतरवून घ्या. नमुना २९ आणि ३० कोरे सही करून देऊ नका, त्यांच्या प्रती ठेवा. ताबा दिल्याच्या पावतीवर तारीख, वेळ, काट्यावरील किलोमीटर आणि घेणाऱ्याचे पूर्ण नाव असू द्या. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर किणी आणि तासवडे नाक्यांवरचा टोल तुमच्याच खात्यातून जाईल. विम्यातील नो-क्लेम बोनस तुमचा आहे, गाडीचा नाही. तो राखून घ्या. आणि वाहन नोंदणीच्या संकेतस्थळावर नव्या मालकाचे नाव दिसेपर्यंत फाइल मिटवू नका. याबरोबरच प्रत्येक सौद्यातील पहिला आकडा, शेवटचा आकडा आणि सांगितलेली कारणे यांची नोंद एका वहीत, विक्रेत्याच्या संमतीने आणि नाव वगळून, करून ठेवावी. सहा महिन्यांत अशा शंभर नोंदी जमल्या तर परिवहन आयुक्तांसमोर आणि विधिमंडळात मांडण्यासाठी आपल्यापाशी तक्रारींऐवजी पुरावा असेल. तो जमवण्यास या महिन्यापासूनच आरंभ करावा.